बरी झाल्याची बातमी

"नाही झाले मी बरी! नाही झाले! कुणी सांगितलं तुम्हाला? मला विचारलंत कधी?"

हा आवाज आपल्या बायकोचा आहे, हे कळायला मला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या अर्धा तास लागला. बरं, अर्धा तास नसेल. मसाला दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला, कारण ते गेलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत तिनं माझ्यावर आवाज चढवला नव्हता, भाजीवाल्यावर नाही, माझ्या आईवरसुद्धा नाही. आणि माझ्या आईवर न ओरडता राहणं म्हणजे काय, हे आमच्या नातेवाइकांना विचारा.

बाहेरच्या खोलीत संक्रांतीचं हळदीकुंकू चाललं होतं. अशा वेळी पुरुषानं घरात थांबायचं नसतं. पण एवढं मोठं पातेलं तिला एकटीला उचललं नसतं, म्हणून मी पडद्याआड लपून दूध आटवत होतो. पडदा बाजूला केला. आमच्या वाशीच्या बिल्डिंगमधल्या वीस-बावीस बायका भिंतीला टेकून बसलेल्या, सगळ्यांची तोंडं उघडी. तांदूळ फरशीभर. नारळ दिवाणाखाली गेलेला. मधोमध तळमजल्यावरच्या काकू पदर पसरून उभ्या, आणि त्यांच्यासमोर माझी बायको, दोन्ही हात पुढे धरून. बोटं आत वळलेली. मला आधी वाटलं, ती मुठी दाखवतेय. नंतर लक्षात आलं, बोटं उघडतच नव्हती.

झालं होतं एवढंच. वयानं मोठ्या म्हणून काकूंची नारळानं ओटी भरायची होती. हिनं ओंजळीत तांदूळ आणि नारळ घेतला, ओंजळ जुळेना, आणि नारळ घरंगळून काकूंच्या पायावर पडला. काकू हसत म्हणाल्या, "अगं, पुरे नाटकं! गव्हाची गोणी घेऊन तीन मजले चढतेस आणि नारळ जड होतो होय तुला? भाऊजींनीच सांगितलंय सगळ्या बिल्डिंगला!"

बायका हसल्या. वाईट मनानं नाही, कौतुकानंच हसल्या.

भाऊजी म्हणजे मी.

आता ती गव्हाची गोणी कुठून आली ते सांगायला हवं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, तळवलीच्या अलीकडे, एका केमिकल कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. पगार त्याचा मिळायचा. पण माझं खरं काम कंपनीच्या बसमध्ये असायचं. सकाळी बस वाशीहून सुटली की मी तोंड उघडायचो, तुर्भ्याला ट्रकांच्या गर्दीत बस अडकली की रंगात यायचो, आणि कारखान्याच्या गेटाशी अशा जागी गोष्ट तोडायचो की संध्याकाळी लोक माझ्यासाठी जागा धरून बसायचे. वाशीत तेव्हा माणसं कमी आणि डास जास्त. खाडीचे डास एवढे मोठे, की एकदा दोन डास माझी उशी उचलून गॅलरीपर्यंत गेले होते. रेलिंगपाशी उशी कुणाची यावरून त्यांचं भांडण झालं, म्हणून वाचली. कंपनीच्या आवारात निघालेल्या सापाची लांबी मी सोमवारी सहा फूट सांगितली होती. शनिवारपर्यंत तो गेटातून आत यायला दोन पाळ्या घेत होता.

बसमधले लोक म्हणायचे, "भाऊंचं पाऊण कापून घ्यायचं. उरेल त्यातलं अर्धं खरं."

वाचणाऱ्यांनी हाच नियम लावायला माझी हरकत नाही. फक्त बायकोबद्दल जे सांगतोय त्यातून काही कापू नका. त्यातलं बरंचसं मी ती असताना तिच्याकडून तपासून घेतलं होतं.

सत्तरचं दशक संपता संपता आम्ही दोघं गिरगावातल्या एका खोलीतून वाशीला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. लिफ्ट नव्हती, शेजारी नव्हते, दुकान म्हणाल तर एक. पण घरात स्वतःचा नळ होता. पहिला महिनाभर ती दिवसातून चार वेळा उगाचच नळ सोडून बघायची. पुढच्या वर्षी एका सकाळी तिनं मला हाक मारली, "अहो, नळ घट्ट बसवलाय मेल्यांनी." मी प्लंबर आणला. त्यानं दोन बोटांनी नळ फिरवला, पाणी धो धो आलं. तो माझ्याकडे बघायला लागला आणि मी तिच्याकडे. ती आपल्या हाताकडे बघत होती.

संधिवात. म्हाताऱ्यांचा नव्हे, तरुणपणी येतो आणि मुक्कामालाच येतो, त्यातला. मनगटं, बोटं, गुडघे, शेवटी मान. सकाळी उठल्यावर दोन-दोन तास बोटं उघडायची नाहीत. ती बत्तीस वर्षांची होती.

मुंबईच्या डॉक्टरांनी सोन्याची इंजेक्शनं लिहून दिली. थाप नाही ही. त्या काळी या रोगावर सोन्याचं औषध टोचायचे. आमच्या सेक्टरातल्या धर्मादाय दवाखान्यात दर आठवड्याला जाऊन आम्ही ते टोचून घ्यायचो. आणि माझ्यासारख्या माणसाच्या हाती सोनं लागल्यावर तो गप्प बसेल? "आमच्या घरात चोर शिरला तर कपाटाला हातसुद्धा लावणार नाही," मी बसमध्ये सांगायचो, "सरळ बायकोला खांद्यावर टाकून पळेल!" बस हसायची. घरी पाहुण्यांसमोर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तीही हसली. दुसऱ्यांदाही थोडी हसली. त्यानंतर मी तिच्याकडे बघायचं सोडून दिलं असावं, कारण ती पुढे हसली की नाही, मला आठवत नाही.

आजारी माणसाच्या समाचाराला जाणं ही आपली चांगली रीत. नव्या वसाहतीत तर एकमेकांना तेवढाच आधार. पण समाचाराला रिकाम्या हातानं कुणी येत नाही, प्रत्येक जण एक उपाय घेऊन येतो. कुणी मेथ्या, कुणी एरंडेल, कुणी तांब्याचं कडं, कुणी नाशिककडचा वैद्य. ती सगळ्यांना म्हणायची, "हो, करून बघते." पुढच्या खेपेला ते विचारायचे, "काय, पडला ना फरक?" ती म्हणायची, "पडला थोडा." नाही म्हणून कुणाचं मन कशाला मोडा! तिचं दुखणं म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची परीक्षा झाली होती आणि सगळ्यांना पास करायचं काम तिच्याकडे होतं.

याच रांगेत माझा नंबर लागला. आमच्या स्टोअरमधल्या एका हमालाची आत्या तळवलीत राहायची, हात चोळायची, पाला बांधायची. मी बायकोला तिच्याकडे घेऊन गेलो. गावच्या जुन्या घराच्या ओट्यावर म्हातारीनं हिला समोर बसवलं, गरम तेल लावून एकेक बोट चोळलं, निगडीचा पाला बांधला. काही विचारलं नाही. शेवटी हात सोडताना म्हणाली, "बाय, दुखनं हाय ते ऱ्हानार. मी काय देव नाय. चार दिस बरा वाटंल, मंग परत दुखंल. खोटं कशाला सांगू?"

परतताना एसटीत बायको म्हणाली, "या पहिल्याच. फरक पडेल असं म्हणाल्या नाहीत."

तिला बरं वाटलं होतं, ते याच्यामुळे. मी ऐकलंही होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा दुसऱ्या दिवशीची बस सुटली होती.

त्याच आठवड्यात शुक्रवारी ती जिना उतरून तळमजल्यावर गेली आणि परत वर आली. कठडा धरून, प्रत्येक वळणावर बसत, चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. वर आल्यावर म्हणाली, "आज बरं वाटलं." एवढं खरं.

शनिवारी बसमध्ये नेहमीसारखं कुणीतरी विचारलं, "भाऊ, वहिनी कशा आहेत?" हा प्रश्न मला अडीच वर्षं रोज विचारला जात होता आणि रोज माझ्याकडे एकच उत्तर होतं, तसंच आहे. जो माणूस सापाला दोन पाळ्यांत गेटातून आत आणतो, त्यानं रोज 'तसंच आहे' म्हणायचं! माझ्या सगळ्या गोष्टींना शेवट होता, एवढ्या एकीला नव्हता. त्या दिवशी मी म्हणालो, "वहिनी? काल तीन मजले उतरून चढल्या!" बसमध्ये टाळ्या पडल्या. सोमवारी ती धावत चढली. बुधवारी तिच्या हातात दहा किलो गहू होते. पुढच्या शनिवारी डोक्यावर गोणी होती, आणि वाटेत ती तळमजल्यावरच्या काकूंना "सरका बाजूला" म्हणाली होती.

काकूंचे यजमान त्याच बसमध्ये, माझ्या मागच्या बाकावर बसायचे.

संध्याकाळी मी घरी पोहोचून चपला काढल्या आणि थोड्याच वेळात काकू वर आल्या, हातात साखरेची वाटी. "अगंबाई, आम्हाला सांगायचं नाही होय? एवढी आनंदाची बातमी! पाऊण सोडून दिलं तरी पाव उरतोच की!" बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. पंख्याचं एक पातं वाकडं होतं, ते मला अजून आठवतं. तिनं पुढे केलेली साखर जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "हो. बरं आहे आता."

माझा शब्द पडू नये म्हणून ती बरी झाली.

ऐन पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत, पुरे सहा महिने ती बरी होती. सोसायटीच्या गणपतीत आरत्या संपेपर्यंत उभी राहिली. भोंडल्यात काकूंनी हात धरून फेरात ओढली, तिनं फेर धरला. हात धरल्यावर काय होत असेल, ते ती चेहऱ्यावर येऊ द्यायची नाही. पाण्याचा टँकर आला की बायका म्हणायच्या, "तू काय बाई, तरुण झालीस, घे दोन कळशा." हा सगळा गुण तळवलीच्या म्हातारीच्या तेलाचा, हेही मी बसमध्ये सांगितलं होतं; पत्ता विचारत तिच्याकडे इतकी माणसं गेली की तिनं दाराला कडी लावली आणि आमच्या हमालाबरोबर निरोप पाठवला, "कोन बोलला मी बरा करतंय? त्याला हितं आन." मी गेलो नाही.

आणि समाचाराला यायचे ते बंद झाले. बऱ्या माणसाला कोण विचारतं? दुपारी सगळीकडे निजानीज झाली की ती दार लावून फरशीवर आडवी व्हायची. दिवाणावर नाही, दिवाणावरून उठायला हाताचा जोर लागायचा. हे मला तिनं फार नंतर सांगितलं. एक मात्र कुणी सांगायची गरज नाही, मला पक्कं माहीत आहे. त्या सहा महिन्यांत मीसुद्धा तिला विचारलं नाही. स्वतःची गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती, की मी पाऊण कापायला विसरलो.

तर असा तो नारळ पडला.

बायका दूध न घेताच गेल्या. काकू जाताना दिवाणाखालून नारळ काढून टेबलावर ठेवून गेल्या. बायको तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी इंजेक्शनला दवाखान्यात गेलो तर डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, "काय, कसं काय?" आणि ती रडायला लागली. तरुण डॉक्टर, बाहेर पंधरा पेशंट. बिचारा एकदा सुईकडे बघे, एकदा तिच्याकडे. शेवटी चिठ्ठी लिहून म्हणाला, "गुरुवारी त्या शेवटच्या खोलीत एक बाई बसतात. त्यांच्याशी बोलून बघा."

आता याला समुपदेशन म्हणतात, त्याच्या पाट्या दिसतात. तेव्हा आमच्याकडे शब्दच नव्हता. "औषध काय देतात त्या?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "औषध नाही. बोलायचं." आम्ही दोघंही घाबरलो. ती म्हणाली, "मी वेडी झालेय असं वाटतं का त्यांना?" मी म्हणालो, छे, छे, आणि बसमध्ये सांगितलं की बायकोचे दात करतोय. दातांचे डॉक्टरही गुरुवारीच असायचे. पुढच्या तीन-चार आठवड्यांत मी तिचे एवढे दात बसवले की मगरीला हेवा वाटावा.

शेवटच्या खोलीतल्या बाई नागपूरकडच्या. ठेंगण्या, सर्दीनं कायम नाक लाल, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि दोन पेले. बायकोला त्यांनी विचारलं, "काय होते तुम्हाला?"

मी सांगायला सुरुवात केली. नळापासून. नळ, प्लंबर, सोनं, चोर, सगळं. मी एवढं रंगवून सांगितलं की बाहेरच्या बाकावरचा कुणीतरी हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बोलून राहिले. पण दुखून कोणाला राहिलं?"

"हिला."

"मग तुम्ही बाहेर बसता का थोडे?"

माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी गोष्टीच्या मध्ये बाहेर काढलं नव्हतं. मी बाकावर जाऊन बसलो. शेजारी तुर्भ्याच्या मार्केटातला एक माथाडी, गालाला फडकं बांधून दातांच्या डॉक्टरची वाट बघत होता. मी त्याला साप सांगायला घेतला. त्याला हसलं की कळ यायची. त्यानं दोन्ही हात जोडले, "भाऊ, पाया पडतो, नको." मग मीही थांबलो. आणि आम्ही दोघं गप्प बसल्यावर प्लायवूडच्या भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते. माझी बायको बोलत होती. थांबत होती, परत बोलत होती. अर्धा तास. अकरा वर्षांत तिला सलग एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. आणि ऐकणार कसा, मधे मीच होतो ना.

बाहेर आल्यावर विचारलं, "काय सांगितलंस?" म्हणाली, "काही नाही." पुढच्या गुरुवारीही काही नाही. त्याच्या पुढच्याही. तिचे डोळे सुजलेले असायचे, पण परतताना ती जिन्याच्या प्रत्येक वळणावर सरळ बसायला लागली. बघेनात का लोक! कुणी विचारलं, "काय हो वहिनी?" तर सांगायची, "गुडघे दुखतात, बसलेय." बस्स.

चौथ्या गुरुवारी बाईंनी मला आत बोलावलं. तिसरा पेला आणून ठेवला होता. बायकोला म्हणाल्या, "सांगता का यांना? नसंल सांगायचं तर राहू द्या."

ती तांब्याकडे बघत बोलली. "मला दुखतं असं यांना सांगितलं की ते त्याची गोष्ट करतात. मग ती गोष्ट बिल्डिंगभर फिरून माझ्याकडे परत येते, आणि मला तिच्यासारखं वागावं लागतं. म्हणून मी सांगायचं बंद केलं. माझं दुखणं तेवढं तरी माझ्याकडे राहू दे म्हटलं."

मी तोंड उघडलं. बाईंनी बोट वर केलं. मी मिटलं.

मग बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला भीती वाटते का?"

"मला? भीती?" मी म्हणालो. "बाई, येऊरच्या जंगलात एकदा बिबळ्या माझ्यासमोर, या टेबलाएवढ्या अंतरावर..." आणि तिथं मला पुढचं सुचेना. बिबळ्या तसाच उभा राहिला. मी म्हणालो, "ही बरी होणार नाही ना?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"मग तेच," बाई म्हणाल्या, आणि पेला माझ्याकडे सरकवला.

मी रडलो किती, ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही पाऊण कापाल.

बाईंनी मला एक काम दिलं. रोज सकाळी बायकोला विचारायचं, आज कसं आहे? ती सांगेल ते ऐकायचं आणि एकच शब्द बोलायचा, "ऐकलं." उपाय सांगायचा नाही, धीर द्यायचा नाही, विनोद तर नाहीच नाही. आणि ते दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. मग त्यांनी बायकोला विचारलं, "तुम्हाला काही पाहिजे यांच्याकडून?" ती म्हणाली, "यांनी बसमध्ये सांगावं. मी बरी झाले नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी तुर्भ्याला बस अडकली तेव्हा मी उठून उभा राहिलो. "मंडळी, एक सांगायचंय. माझी बायको बरी झालेली नाही. ती कधी गोणी घेऊन चढली नाही. तिला नारळ धरता येत नाही. मी खोटं सांगितलं."

अशी हशाची लाट उठली की ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. "वा भाऊ! आज नवीन!" "आता गोणी उलटी उतरणार!" कुणीतरी ओरडलं, "पुढे? पुढे काय झालं?"

"पुढे काही नाही," मी म्हणालो.

यावर तर टाळ्याच पडल्या. आयुष्यात एकदा खरं बोललो, आणि तेवढी दाद मला सापालाही मिळाली नव्हती. मी खाली बसलो. हळूहळू हसू विरलं, लोक वाट बघत राहिले. काकूंचे यजमान मागून वाकून म्हणाले, "भाऊ, खरंच?" मी मान डोलावली.

संध्याकाळी काकू वर आल्या. उपाय आणला नव्हता. "बसू का गं?" म्हणाल्या, आणि हिच्या पुढ्यातले मटार ओढून सोलायला लागल्या.

गोष्टी मी सोडल्या नाहीत. कशाला खोटं बोलू? डास होते, साप होता, आमचे मॅनेजर होते. फक्त बायको माझ्या गोष्टींतून निघून गेली.

सकाळचं काम सोपं असेल असं मला वाटलं होतं. मी पाणी तापवायचो, परातीत ओतून मीठ टाकायचो, ती दोन्ही हात त्यात सोडून बसायची. मी समोर पाटावर. "आज कसं आहे?" ती म्हणायची, "बरं आहे." मी म्हणायचो, "ऐकलं." दोघांनाही माहीत असायचं की बरं नाही. महिनाभर हेच. माझ्यासारख्या माणसाच्या पोटात एक शब्द बोलून गप्प बसल्यावर काय होतं, त्याचं वर्णन करायला गेलो तर हे पुस्तक पुरणार नाही. मग एका सकाळी, पाण्यात बघतच, ती म्हणाली, "डाव्या हाताची तीन बोटं उघडत नाहीत. उजवा गुडघा रात्रभर ठणकत होता. आणि तुमच्या पायावर डोकं ठेवून मरून जावं असं वाटलं."

माझ्या तोंडाशी अकरा विनोद आले. नऊ उपायही आले. मी दोन्ही हात परातीच्या काठावर ठेवले आणि म्हणालो, "ऐकलं."

ती म्हणाली, "हं."

असं पुढे रोज. बाईंची बदली झाली, नव्या बाई आल्या, मग तो गुरुवारच बंद झाला. सोन्यानं मूत्रपिंडाला त्रास व्हायला लागला म्हणून ते थांबवलं. ऐंशीचं दशक सरत आलं तोवर तिला फणी धरता येत नव्हती. वेणी मी घालायचो, तीही अशी की काकू म्हणायच्या, दोरखंड बरा. जिना सुटला. खाडीवरून रेल्वे येणार, स्टेशन होणार, वाशीचं नशीब उघडणार, असं सगळे म्हणत होते. ती गॅलरीत बसून ऐकायची. परात मात्र चुकली नाही. रोज ती सांगायची, बोटं, गुडघा, मान, कधी नुसतं "आज कंटाळा आलाय याचा," आणि मी माझा शब्द बोलायचो. त्यातलं एक अक्षर मी बसमध्ये नेलं नाही. मला त्याचा गर्व होता, कबूल करतो. मला वाटायचं, जगात एका माणसाचं दुखणं मला पुरतं माहीत आहे.

एका सकाळी तिची बोटं पुसताना, एकेक करून, मधल्या बोटाशी माझा हात थांबला. ते किती गरम होतं, किती सुजलं होतं, ते माझ्या हाताला लागत होतं, आणि तिनं नुकतंच सांगितलं होतं, "आज जरा ठीक." मी विचारलं, "इतकी वर्षं रोज विचारतो. जेवढं दुखतं तेवढं सगळं सांगतेस ना मला?"

तिनं हात सोडवून घेतला नाही.

"थोडं कमी करूनच सांगते," ती म्हणाली.